कासवीची नजर आणि कासवाचे अन्न



आपल्या संतवाङ्मयात कासवीच्या दृष्टीचा दाखला वारंवार येतो. कासवी पिलांना दूध पाजीत नाही, चारा भरवीत नाही. ती नुसती त्यांच्याकडे पाहते आणि त्या पाहण्यानेच पिले पोसली जातात, असा तो संकेत आहे. भक्त आणि भगवंत यांचे नाते सांगण्यासाठी तो अतिशय सुंदर आहे. ज्याने तो प्रथम योजिला त्याला प्राणिशास्त्र शिकवावयाचे नव्हते, हे उघड आहे. परंतु काव्यातला संकेत व्यवहारात उतरला म्हणजे त्याचे मोल कोणाला तरी द्यावे लागते. ह्या बाबतीत ते कासवाला द्यावे लागते. घरात कासव असले की बरकत येते अशी समजूत धरून पुष्कळ कुटुंबे एखादे कासव टोपल्यात, हौदात किंवा विहिरीत ठेवतात, त्याच्याकडे मोठ्या मायेने पाहतात, आणि ताटातला भात किंवा पोळीचा तुकडा त्याच्यापुढे टाकतात. कासव तो खाते. महिने जातात, वर्षे जातात. कासव मरत नाही, म्हणून ते सुखात आहे असे सर्वांना वाटते. ते सुखात का नसते, हे मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम प्राणिशास्त्र काय सांगते ते पाहू. कासवी जमिनीत खड्डा करून अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पिलांची आणि तिची पुढे भेट होत नाही. अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिलाच्या पोटाशी बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो. तीच त्याची शिदोरी. ती संपली की पहिल्या घासापासून त्याला आपले अन्न आपणच शोधावे लागते. म्हणजे ज्या प्राण्याला आई भरवीत नाही, त्याच्या अंगी अन्न निवडण्याचे ज्ञान उपजतच असते. हे पान थोडे, ते फूल थोडे, वाटेत शिंपला दिसला तर तो कुरतडायचा, असे त्याचे चालते. वाळवंटी प्रदेशातली कासवे जुनी हाडे कुरतडताना आणि विशिष्ट जागची माती खाताना निरीक्षकांनी पाहिली आहेत. ही निवड करण्याची मोकळीक आपण टोपल्यात ठेवून काढून घेतो. ती काढून घेतल्यावर निवडीची जबाबदारी आपल्यावर येते, आणि आपल्यापाशी ते उपजत ज्ञान नसते. म्हणून ते शिकावे लागते.

एकोडीच्या माणसाला एकसुरी अन्नाचा धोका निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. ह्या भागात धान निघाल्यावर त्याच बांध्यांत लाखोळी होते. लाखोळीची डाळ इतर अन्नाबरोबर थोडीशी खाल्ली तर माणसाला सहसा बाधत नाही. परंतु दुष्काळात जेव्हा गरिबाच्या घरी महिनोन् महिने लाखोळीवाचून दुसरे काही शिजत नसे, तेव्हा धडधाकट माणसांचे पाय लुळे पडत. पोट भरलेले असे, आणि तरी पाय जात. तांदळाचीही अशीच गोष्ट आहे. जावा बेटावर १८९० च्या सुमारास आइकमन नावाच्या डच डॉक्टराच्या कोंबड्यांना रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात मिळत असे. त्या लटपटू लागल्या, मान टाकू लागल्या. पुढे तो भात बंद होऊन असडीक तांदूळ मिळू लागला, तेव्हा त्या बऱ्या झाल्या. ह्या साध्या निरीक्षणातून बेरीबेरी ह्या रोगाचा उलगडा झाला आणि आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पोट भरणे वेगळे आणि पोषण होणे वेगळे, हा धडा आपल्याला कोंबड्यांनी शिकविला. कासव तोच धडा शिकविते. फक्त फार सावकाश. कोंबडी काही आठवड्यांत मान टाकते, कासवाला काही वर्षे लागतात.

कासवाच्या बाबतीत हा सारा हिशेब मुख्यतः कॅल्शियमचा आहे. कासवाची पाठ म्हणजे अंगावर घातलेले चिलखत नव्हे. ती हाडांचीच बनलेली असते. पाठीचा कणा आणि बरगड्या रुंद होऊन एकमेकींत मिसळतात व त्यांची ढाल तयार होते. तिच्यावर नखाच्या जातीच्या पदार्थाचे तवके बसविलेले असतात. एवढ्या मोठ्या हाडाला कॅल्शियमही तितकेच लागते. शिवाय रक्तातले कॅल्शियम ठरावीक प्रमाणात राहिले नाही तर स्नायू आणि हृदय यांचे काम बिघडते. तेव्हा अन्नातून पुरेसे कॅल्शियम आले नाही की गळ्यातील परावटू ग्रंथी आपला स्राव वाढवितात आणि तो स्राव हाडांतील कॅल्शियम काढून रक्तात आणतो. बँकेतली ठेव मोडून रोजचा बाजार करावा, तसा हा प्रकार आहे. बाहेरून कासव ठीक दिसते. आतली ठेव मात्र उतरत जाते. पुढे पाठ बोटाने दाबली तर दबते, जबडा मऊ होतो, पाय अंग उचलीत नाहीत, आणि मादीला अंडी घालणे अशक्य होते, कारण अंड्याचे कवचही त्याच ठेवीतून व्हावयाचे असते.

यात फॉस्फरसची बाजू ध्यानात घेतली पाहिजे. अन्नात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असला तर असलेले कॅल्शियमही नीट अंगी लागत नाही. पाला खाणाऱ्या कासवाच्या अन्नात फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम असावे, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. आता आपल्या स्वयंपाकघरातले पदार्थ ह्या तराजूत घालून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांप्रमाणे शंभर ग्रॅम सडलेल्या तांदळात कॅल्शियम १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस १६० मिलिग्रॅम असतो. गव्हाच्या कणकेत ४८ आणि ३५५. पिकल्या केळ्यात १७ आणि ३६. काकडीत १० आणि २५. म्हणजे घरोघर कासवाला जे जे दिले जाते, त्या प्रत्येकात तराजू उलट्या बाजूला झुकलेला आहे. आता परसातल्या झाडांकडे वळू. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम ४४० आणि फॉस्फरस ७०. हरभऱ्याच्या पाल्यात ३४० आणि १२०. हादग्याच्या पाल्यात तर कॅल्शियम ११३० आणि फॉस्फरस अवघा ८०. जे उत्तम ते अंगणात, बांधावर फुकट उगवते आहे, आणि आपण ताटातला भात टाकतो!

मग रोज हादग्याचाच पाला घालावा काय? तसे केले तर आपण पुन्हा लाखोळीच्याच चुकीकडे गेलो. कोणतेही एक पान पुरे नसते, आणि प्रत्येक पानात काही ना काही वजाबाकी असते. पालक, माठ, चुका, अळू यांत ऑक्झॅलिक आम्ल असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते व आतड्यातून तसेच बाहेर नेते. पानकोबी फार खाल्ली तर गळ्यातील अवटू ग्रंथीच्या कामात अडथळा येतो. हरभरा, हादगा, लसूणघास ही शेंगाकुळातली पाने प्रथिनांनी भारी असतात. ह्यांपैकी एकही पान विष नव्हे. परंतु एकट्याने कोणीच पुरेसे नव्हे. विविधता हवी ती एवढ्याचसाठी. एका पानातला दोष दुसरे पान झाकते, आणि कोणताही दोष साचत नाही.

जमिनीवर राहणाऱ्या, पाला खाणाऱ्या कासवाचे ताट ढोबळमानाने असे असावे. दहा भागांपैकी आठ भाग गवत आणि पाला. त्यात हरळी नेहमी असावी, कारण तिच्यातला चोथा त्याच्या आतड्याला लागतो. तिच्या जोडीला जास्वंदीची व तुतीची पाने, भोपळ्याच्या वेलाचे शेंडे, शेवगा, हादगा, थोडा हरभऱ्याचा पाला, आणि काटे काढलेला फड्या निवडुंग, असे पाळीपाळीने द्यावे. एक भाग फुले: जास्वंद, हादगा, भोपळा. उरलेला एक भाग लाल भोपळा किंवा गाजर; त्यातून जीवनसत्त्व ‘अ’ तयार होते. गोड फळ क्वचित, सणासुदीला. ह्याचे कारण असे की पाला पचविण्याचे काम कासव स्वतः करीत नाही. त्याच्या मोठ्या आतड्यात राहणारे सूक्ष्म जीव तो आंबवून पचवितात. फळातली साखर अधिक गेली तर त्या जीवांची घडी विस्कटते आणि कासवाला हगवण लागते. दूध, पाव, बिस्किटे, कुत्र्यामांजराचे खाणे हे तर मुळीच नको. कण्हेर, रुई, धोतरा जवळ येऊ देऊ नये, आणि ज्या शेतात औषध फवारले आहे तिथला पाला आणू नये.

ताट असे भरले तरी एक गोष्ट बाकी राहते, ती म्हणजे ऊन. खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून रक्तात यावयाला जीवनसत्त्व ‘ड’ लागते. हिरव्या पाल्यात ते जवळजवळ नसते. कासव ते आपल्या कातडीत तयार करते, आणि त्याला उन्हातले जंबुपार किरण लागतात. हे किरण काचेतून आत येत नाहीत. म्हणून खिडकीपाशी काचेच्या पेटीत ठेवलेले कासव दिवसभर उजेडात असूनही उन्हाला मुकलेले असते. उन्हाचे दुसरे काम ऊब देण्याचे. कासवाचे रक्त आपल्यासारखे स्वतः तापत नाही. हवेप्रमाणे त्याचे अंग गार किंवा ऊन होते. अंग गार असताना पोटात गेलेले अन्न पचत नाही, नुसते आंबते. म्हणून पौष-माघातल्या गार सकाळी त्याला आधी उन्हात तापू द्यावे, मग खावयास द्यावे. वैशाखात ह्याच्या उलट काळजी घ्यावी. भंडाऱ्याच्या उन्हात उघड्यावर कोंडलेले कासव काही तासांत मरते. सावली आणि पाणी त्याच्या आवाक्यात हवेच.

पाण्याचा विसर पडू देऊ नये. पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येणे हे पाळीव कासवांचे एक जुने दुखणे आहे. ते फार प्रथिने खाल्ल्याने येते, असा समज होता. २००३ साली व्हिएन्ना येथील वीस्नर आणि इबेन ह्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या काटेरी मांडीच्या कासवांच्या पिलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रथिने कमीअधिक करून जेवढा फरक पडला, त्याहून कितीतरी अधिक फरक हवेतल्या ओलाव्याने पडला. कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठी उंचवट्यांच्या झाल्या. येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्या देशी तारांकित कासवाच्या पाठीवर थोडे उंचवटे निसर्गतःच असतात; ते रोगाचे लक्षण नव्हे. परंतु पाणी आणि ओलावा हे अन्नाचेच भाग आहेत, हे त्या प्रयोगावरून घ्यावयाचे. उथळ परातीत कोमट पाणी घालून आठवड्यातून दोनतीनदा कासवाला त्यात उभे करावे. ते तिथे पाणी पिते, आणि मूत्राशयातले साचलेले युरिक आम्लही बाहेर टाकते.

आता पूरक द्रव्यांविषयी. बंदिवासातल्या कासवाला, विशेषतः वाढत्या पिलाला आणि अंड्यावर आलेल्या मादीला, कॅल्शियम वरून द्यावे लागते. त्यासाठी महागडी डबी हवीच असे नाही. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. त्याचा तुकडा कासवापुढे ठेवावा. त्याला हवे तेव्हा ते कुरतडते, आणि जे उपजत ज्ञान आपण निकामी करून ठेविले होते ते थोडेसे पुन्हा कामी येते. स्वच्छ धुऊन उकळलेल्या अंड्याच्या टरफलाची बारीक पूड हाही त्याच जातीचा पदार्थ. पिलाच्या पाल्यावर आठवड्यातून तीनचारदा, मोठ्याच्या पाल्यावर एकदा-दोनदा ह्या पुडीची चिमूट भुरभुरावी. परंतु पानाच्या डब्यातला चुना चुकूनही घालू नये. तो कॅल्शियमचाच असला तरी दाहक आहे. तोंड आणि अन्ननलिका भाजून काढतो.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत तर हात फारच आखडता हवा. रोज ऊन मिळणाऱ्या कासवाला ‘ड’ वरून देण्याची सहसा गरज नसते, आणि जास्त झाले तर तेच कॅल्शियम मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांत साचते. पाण्यातल्या कासवांचे डोळे सुजले की ते ‘अ’च्या अभावाने असू शकते, पण म्हणून ‘अ’ची सुई टोचली आणि मात्रा चुकली तर कातडी सोलून निघते. औषध आणि विष यांत मात्रेचेच अंतर, हे वैद्यकातले जुने सूत्र येथे अक्षरशः खरे आहे. मात्रा पशुवैद्याने ठरवावी. घरच्या माणसाने दर महिन्याला कासवाचे वजन करून वहीत लिहून ठेवावे. कासव तक्रार करीत नाही, ती वही करते.

पूरक अन्नाने काय साधते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावरचे आहे. नेपोलियनच्या अखेरच्या बंदिवासाने जे बेट आपल्याला ठाऊक आहे, तेच हे. जोनाथन नावाचे प्रचंड कासव तेथे १८८२ साली आणले गेले. तेव्हाच ते पूर्ण वाढीचे, म्हणजे निदान पन्नाशीचे होते. म्हातारपणी त्याला मोतीबिंदू झाले, वास येईना. गवत दिसेना, म्हणून ते मातीच चावू लागले आणि त्याच्या चोचीची धार गेली. मग गवत तुटेनासे झाले. बेटावरील पशुवैद्य जो हॉलिन्स यांनी त्याला आठवड्यातून एकदा हाताने ताजा भाजीपाला आणि फळे भरविण्यास सुरुवात केली. गवताची मोठी शिदोरी त्याची त्यालाच चरावयाची होती. कमी होती ती सूक्ष्म द्रव्ये ह्या घासांनी पुरविली. काही काळाने चोच पुन्हा कठीण आणि धारदार झाली व कासव पुन्हा स्वतः चरू लागले. २०२२ साली गिनेस ग्रंथाने आजवरचे सर्वांत वृद्ध कासव म्हणून त्याची नोंद केली. पूरक अन्न मुख्य अन्नाची जागा घेत नाही. ते मुख्य अन्न अंगी लागण्याची वाट मोकळी करते, एवढा बोध ह्यात आहे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, तर मग कासव नीट पाळता येईल. त्यांना कायदा सांगणे प्राप्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातली तारांकित कासवे, तशीच आपल्या बोड्यांतली मऊ पाठीची कासवे, पकडण्यास, विकण्यास आणि घरी ठेवण्यास मनाई आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही दोन्ही कासवे पहिल्या अनुसूचीत आहेत. गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे. २०१९ साली तारांकित कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद करण्यात आला. ज्याला बरकतच हवी असेल त्याने पितळेचे कासव पाण्याच्या ताटलीत ठेवावे. त्याला हादगाही लागत नाही आणि समुद्रफेसही लागत नाही.

मग हा आहारविचार कोणासाठी? पुष्कळांसाठी आहे. तस्करांकडून पकडलेली कासवे परत रानात जाईपर्यंत कोणाच्या तरी हाती असतात, आणि न्यायालयाचा हुकूम महिन्याभरात येईलच असे नसते. त्या काळात वनरक्षकाने, उपचारकेंद्रातल्या सेवकाने काय घालावे? परदेशातील आपली मराठी कुटुंबे तेथील कायद्याप्रमाणे दाखला घेऊन कासव पाळतात. त्यांनी काय घालावे? येथेही परदेशी जातीचे कासव रीतसर नोंद करून बाळगणारे लोक आहेत. आणि ज्यांच्या घरी अजून देशी कासव आहे त्यांच्यासाठी तर सर्वांत आधी आहे. त्यांनी ते जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या स्वाधीन करावे. आपणच उचलून तळ्यात सोडू नये. तारांकित कासव कोरड्या माळाचे, ते तळ्यात बुडून मरते, आणि पाळीव कासवाचा रोग रानातल्या कासवांना लागतो.

विहिरीतल्या कासवाविषयीही दोन शब्द. पाणी स्वच्छ राहावे म्हणून विहिरीत कासव सोडण्याची चाल अनेक गावांत आहे. उभ्या बांधणीच्या विहिरीत त्याला अंग वाळवावयास कोरडी जागा नसते, ऊन घटकाभर येते, आणि खावयास जे काय पडेल तेवढेच. भात-पोळीच्या टोपल्यात जी उणीव असते तीच तेथे असते, फक्त खोलवर.

ह्याच जातीचे मऊ पाठीचे कासव विहिरीबाहेर कसे जगते, ते पाहावयास लांब जावे लागत नाही. कोहळी लोकांनी बांधलेल्या मालगुजारी तलावांच्या ह्या मुलखात ते बोडीत राहते, पावसाळ्यात बांध्यांत हिंडते, आणि तळे आटले की चिखलात शिरून उन्हाळा काढते. ते गोगलगायी खाते, बेडूक खाते, मेलेली मासळी खाते, पाणवनस्पतीही खाते. गोगलगायीच्या शिंपल्यातून त्याला कॅल्शियम मिळते, माशाच्या यकृतातून ‘अ’ आणि ‘ड’ मिळते, बांधावर पडून ऊन मिळते. तज्ज्ञाने कोष्टक मांडून जे ताट सिद्ध करावे ते तळ्याने आधीच वाढून ठेविलेले आहे. बोडी बुजली, पाण्यात औषधे उतरली, गोगलगायी नाहीशा झाल्या, तर ते ताट रिकामे होते. आणि एका टोपल्यातल्या कासवाला आपण चिमूटभर पूड घालू शकतो, तशी ती तळ्यातल्या साऱ्या कासवांना घालता यावयाची नाही.